सुळा कुणाचा

रविवारचं जेवण आटोपलं आणि थोरली ताटं उचलायला उठलीच नाही.

एरवी शेवटचा घास गिळायच्या आत ताटं पाण्याखाली गेलेली असत. आज ती बसूनच राहिली, बोटांनी टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा करत. तिचा नवरा, म्हणजे थोरला, रिकाम्या ताटात बोट फिरवत राहिला. पुढे काय होणार हे त्या टेबलाशी त्याला एकट्यालाच माहीत होतं.

"बरं वाटत नाही का गं?" आईंनी सुनेला विचारलं.

"छान वाटतंय. मला सगळ्यांशी बोलायचंय."

"मग बोल की. ताटं उचलता उचलता बोललीस तरी ऐकू येतं आम्हाला."

"आजोबांना नाही येत," चिमणी म्हणाली. ती थोरल्याची लेक. यंदाच अठरा पूर्ण झाली होती आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत आपलंही मत धरलं जावं म्हणून टपून बसलेली असे.

"काय येत नाही मला?" बाबांनी विचारलं.

"बघा," चिमणी म्हणाली.

थोरलीनं गोळा केलेले कण एका चिमटीत उचलले, ताटात ठेवले आणि सांगून टाकलं. तिला पुन्हा शिकायचं होतं. बोलण्याचे दोष सुधारायला शिकवतात तो अभ्यासक्रम, दोन वर्षांचा. वर्ग सकाळचे. तेव्हा यापुढे ती कामाला फक्त दुपारनंतर बसेल.

तिनं ते एका दमात सांगितलं आणि मग श्वास घेतला.

या घराचं काम म्हणजे कवळ्या. थोरल्याच्या आजोबांनी, ज्यांना घरात सगळे मूळपुरुष म्हणत, पुढच्या खोलीत हा उद्योग सुरू केला आणि तेव्हापासून तीन पिढ्या दुसऱ्यांच्या दातांवर जेवत आल्या होत्या. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा पाठवत. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, जबड्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि मग भट्टी. दात बसवण्याचं काम थोरलीचं. दातांना रंग देण्याचं थोरल्याचं, कारण साठीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात दिले तर तो उसने आणल्यासारखा दिसतो. बनलेला माल डॉक्टरांकडे पोचवायचं आणि बोलणी खायचं काम धाकट्याचं.

लग्नाच्या आधी थोरली कॉलेजात होती. लग्नानंतर एक वर्षही गेली. मग बाबांचे हात कापायला लागले. मेणातला दात केसभर हलला तरी कवळी वाया जाते, म्हणून एके दिवशी ती "तेवढं चार दिवस बघते" म्हणून बाबांच्या खुर्चीत बसली. चिमणीचा जन्म त्यानंतरचा.

"बोलायला शिकवायचं म्हणजे?" बाबांनी विचारलं. "ज्यांना बोलता येतं त्यांना?"

"ज्यांना येत नाही त्यांना, बाबा. नवी कवळी बसली की कितीतरी माणसं जिन्यात उभी राहून माझ्याशी भांडतात. चावता येतं, पण बोलता येत नाही म्हणतात. ते निवृत्त मास्तर आठवतात? झटका येऊन गेलेले? त्यांच्याबरोबर मी जिन्यात बसून रोज वर्तमानपत्र वाचायचे. महिन्याभरात त्यांनी दूधवाल्याला नीट शिवी दिली. त्यांची बायको रडली हो आनंदानं."

"आता तो दूधवालाही येईल शिकायला," धाकटा म्हणाला. "मास्तरांना उत्तर द्यायला."

सगळे हसले. थोरलीही हसली. थोरल्याला वाटलं, चला, निभावलं. पण धाकट्याचं हसू आधी ओसरलं.

"वहिनी, रागावू नका, पण आपली अवस्था बघता ना तुम्ही? दोन डॉक्टर त्या यंत्रवाल्यांकडे गेले. तिथे संगणकावर दात काढतात, संध्याकाळी कवळी हजर. मी तिसऱ्या डॉक्टरला कसाबसा धरून ठेवलाय. त्याच्या कुत्र्याला फिरवून आणतो मी, माहितीये? आणि आता तुम्ही म्हणता अर्धंच काम होणार."

"अर्धं नाही, भावजी. थोडं कमी."

"नव्या भट्टीचा हप्ता थोडा कमी होतो का?"

"बरोबर बोलतोय तो," आई म्हणाल्या. "चिमणीच्याच कॉलेजची फी कशी भरायची याचा आम्हाला घोर, त्यात आईचीही. मायलेकी एकाच दप्तरात डबा घेऊन जाणार की काय?"

"माझं दप्तर मी देणार नाही," चिमणी म्हणाली. "पण बाकी मी आईच्या बाजूनं. मी खर्च कमी करीन. केस घरीच कापीन."

"म्हणजे हे घरी कापलेले नाहीत?" धाकट्यानं विचारलं.

"काका!"

 ही बातमी थोरल्याला गुरुवारीच कळली होती. मेण आणायला दोघं चालत गेली होती, तेव्हा रस्ता ओलांडता ओलांडता तिनं सांगितलं होतं, आणि तो ताबडतोब म्हणाला होता, "शिक की! त्यात विचारायचं काय?" इतक्या झटकन म्हणाला होता की पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत त्याचं त्यालाच नवल वाटायला लागलं. ती मात्र खूश झाली होती, वाटेत उगीचच त्याच्या हातातली पिशवी तिनं आपल्याकडे घेतली. त्यानंतरच्या तीन रात्री त्याला धड झोप नव्हती. पण शब्द दिला होता, आणि आता तिनं हळूच त्याच्याकडे बघितलं.

"माझा पाठिंबा आहे," तो म्हणाला. ते जरा सभेत बोलल्यासारखं झालं. "पूर्ण पाठिंबा."

"तुला कोण विचारतंय?" आई म्हणाल्या. "तुझा पाठिंबा तर ती उद्या विमान चालवते म्हणाली तरी असेल."

"मी खिडकीजवळ बसेन," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. हिला समजवायचं सोडून."

"समजावतो ना. हे बघ बेटा," बाबा सुनेकडे वळले, "शिकण्याला ना नाही. पण त्रेचाळिसाव्या वर्षी वर्गात जाऊन बसायचं, पोरासोरांत, म्हणजे जरा..."

"जरा काय?" हे विचारलं आईंनी. बाबा दचकले.

"अगं, मी तुझीच बाजू घेतोय."

"माझी बाजू पैशांची आहे, वयाची नाही. तुम्ही साठाव्या वर्षी पोहायला शिकलात, तेव्हा मी काही बोलले?"

"शिकलो कुठे? बुडालोच होतो."

"पण पाण्यात उतरलात ना? मग तिच्या वयावर जायचं काम नाही." आईंनी पाण्याचा पेला ठक्कन ठेवला. "प्रश्न आहे तो सकाळच्या कामाचा. प्लास्टर कोण ओतणार, दात कोण बसवणार?"

"प्लास्टर तू ओतायचीस की पूर्वी," बाबा म्हणाले. "काय हात होता! एक बुडबुडा यायचा नाही."

"माझं मनगट दुखतं."

"परवा शेजारच्यांची लोणच्याची घट्ट बरणी तूच उघडून दिलीस," धाकटा म्हणाला.

आईंनी आपल्या दोस्ताकडे असं बघितलं की त्याची दोस्ती जागच्या जागी संपली. "आणि तू रे? कुत्री फिरवणारा? जुनी गाडी घ्यायची म्हणून वर्षभर माझ्या मागे लागलायस ती कशाला? स्कूटरला चाकं नाहीत? ती गाडी नको घेऊस, हप्त्याचं बघता येईल."

"अगं, मी तुझ्याच बाजूनं बोलत होतो!"

"आज माझ्या बाजूनं कुणी बोलू नका."

अर्धा तास असा गेला. त्या अर्ध्या तासात बाबा दोनदा सुनेकडून झाले आणि दोनदा परतले. धाकट्यानं एकदा "एक वर्ष थांबा ना वहिनी" असं सुचवलं, त्यावर चिमणीनं "तू लग्नाचं असंच दरवर्षी म्हणतोस" असा टोला हाणला, आणि आईंनी सुनेला सोडून धाकट्याच्या लग्नाचा विषय धरला. थोरली शांत बसून सगळ्यांना उत्तरं देत होती. फी हप्त्यानं भरता येते. संध्याकाळी तासभर जास्त बसेन. मेणातली कवळी घालून बघायला डॉक्टरकडे सकाळऐवजी दुसऱ्या दुपारी गेली तर चालतं, उरलेल्यांतल्या दोघा डॉक्टरांना मी विचारून ठेवलंय. चालेल असं वाटतं, पण नाही चाललं तर काय, हे मला माहीत नाही. हे शेवटचंही ती मोकळेपणी म्हणाली. फक्त बाबांच्या हातांविषयी, चार दिवसांसाठी बसलेल्या त्या खुर्चीविषयी ती एक अक्षर बोलली नाही. बाकीचेही बोलले नाहीत. बाबांनी तेवढे हात टेबलाखाली घेतले.

शेवटी बाबाच म्हणाले, "हे असं संपायचं नाही. वाटगं काढा."

वाटगं म्हणजे प्लास्टर कालवायचं रबराचं भांडं. घरातला मोठा निर्णय त्यातच होई. मूळपुरुषाच्या काळात दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं, तरी कामाचे निर्णय घ्यावे लागत, म्हणून त्यानं ही पद्धत काढली. कंपनीकडून खराब आलेल्या दातांच्या डब्यातून प्रत्येकानं एक दाढ आणि एक सुळा घ्यायचा. होय म्हणायचं असेल तर दाढ टाकायची, कारण दाढ गोष्ट चावून पोटात घालते. नाही म्हणायचं असेल तर सुळा, कारण त्याचं कामच फाडायचं. भांडं रबराचं, म्हणजे पडल्याचा आवाज नाही, कुणी काय टाकलं ते कळत नाही. ज्याचा प्रश्न असेल त्यानं मत द्यायचं नाही, भांडं धरायचं.

आणि आणखी एक नियम होता. जी बाजू हरेल तिनं काम उचलायचं. म्हातारा म्हणे, हरलेल्याला रुसायला वेळच मिळता कामा नये. पहिली भट्टी घ्यायची ठरली तेव्हा बाबांनी सुळा टाकला होता. ते हरले, भट्टी त्यांच्या गळ्यात पडली, आणि पुढे तीस वर्षं ते तिला "माझी भट्टी" म्हणत आले. दुसऱ्या कुणी झाकण उघडलं तरी त्यांना खपत नसे.

डबा फिरला. चिमणीचं हे पहिलंच मत. तिनं दाढ निवडायला इतका वेळ लावला की धाकटा म्हणाला, "अगं, लग्नाला नेणार आहेस का तिला?"

"मी इतकी वर्षं नुसती बघत आले होते. आता मला चांगली हवी."

सगळ्यांनी आपापले दोन दात घेतले आणि पद्धतीप्रमाणे हात खिशात घातले. आईंच्या साडीला खिसा नव्हता, त्यांनी मूठ पदराखाली नेली. थोरली भांडं घेऊन उभी राहिली. ते वरून फडक्यानं झाकलं होतं, हात आत घालण्यापुरती फट ठेवून.

थोरल्याच्या मुठीत दाढ होती. ती तो टाकणारच होता. पण खिशात हात असताना त्याच्या डोळ्यांपुढे कामाचं टेबल आलं. त्या टेबलाला दोन खुर्च्या, समोरासमोर. दातांचा रंग बघायला उजेड पाठीमागून लागतो, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे. थोरलीचं तोंड खिडकीकडे. तो रंगात मान घालून बसे आणि ती मेणात. दिवसभरात बोलणं असं फारसं होत नसे. "ब्रश द्या." "चहा?" "हा सुळा जरा आत गेलाय का हो?" मान वर केली की ती समोर असे. यापुढे सकाळी मान वर केली तर समोर खुर्चीची पाठ.

बाबांनी दात टाकला. आईंनी टाकला, तोंड फिरवून. धाकट्यानं टाकला आणि उसासा सोडला. थोरल्यानं हिशेब केला: चिमणीची दाढ नक्की, बाबांचीही बहुतेक, आई आत्ताच तिच्या वयावरून भांडल्या. म्हणजे पारित होणारच. मग आपल्या पोटातली ही भीती कुठेतरी ठेवून द्यावी, कुणाला कळणार नाही अशा जागी, एवढंच त्याच्या मनात आलं. बायको भांडं घेऊन समोर आली. फडक्यावरून तिचे डोळे त्याच्याकडे बघून हसत होते. त्यानं खिशातून सुळा काढला आणि आत सोडला.

चिमणीची दाढ शेवटची.

"ओता," बाबा म्हणाले.

थोरलीनं भांडं टेबलावर पालथं केलं. एक, दोन, तीन, चार दाढा. आणि एक सुळा.

"झालं! झालं!" चिमणी उडी मारून ओरडली. "आई, तू पास झालीस! अजून वर्गात गेली नाहीस तोवर पास झालीस!"

पण मोठी माणसं ओरडली नाहीत. ती सगळी वाकून त्या सुळ्याकडे बघत होती.

डब्यातले दात कच्चे, फिके, कंपनीतून आले तसे असत. हा सुळा रंगवलेला होता. मुळाशी किंचित तपकिरी, कडेला चहाची झाक, टोकाशी झिजल्यासारखा धुरकट. असा दात या पंचक्रोशीत एकच माणूस रंगवू शकत होता, आणि शनिवारी तो नमुना म्हणून रंगवून त्यानं सवयीनं खिशात टाकला होता. त्या खिशात नेहमीच दोन-चार दात खुळखुळत असत. बायको कपडे धुवायला टाकताना दर वेळी ओरडे.

थोरल्याची दातखीळ बसली.

"सुंदर काम आहे," बाबा न राहवून म्हणाले. "ही झाक कशी आणलीस रे?"

"बाबा!" धाकटा म्हणाला. मग तो मोठ्या भावाकडे वळला. "पूर्ण पाठिंबा! टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या माझ्या."

"तू बोलू नकोस," थोरला कसाबसा म्हणाला. "तूच तर मघापासून विरोधात..." आणि तो थांबला. टेबलावर चार दाढा होत्या.

ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. सुळा जर थोरल्याचा, तर बाकी कुणीच नाही म्हटलं नव्हतं.

"म्हणजे तू दाढ टाकलीस?" आईंनी धाकट्याला विचारलं.

"मला वाटलं तू सुळा टाकणार! आणि बाबाही. आणि याचा तो सभेतला पाठिंबा काही खरा वाटत नव्हता. म्हटलं, बेत पडणारच आहे, तर निदान माझ्या हातून वहिनींना नाही जायला नको. मागच्या वर्षी मी आजारी होतो तेव्हा माझी सगळी गिऱ्हाइकं त्यांनी सांभाळली. कुत्र्यासकट."

"मलाही तसंच वाटलं," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चक्क चोरट्यासारखा झाला होता. "मला वाटलं, तुम्ही पुरुष मंडळी काय दाढा टाकताय! मग मी तरी का सुळा टाकू? मनानं मी तिच्याबरोबर, पैशांनी तुमच्याबरोबर, असं दोन्हीकडे राहता येईल म्हटलं."

"आणि तुम्ही, आजोबा?" चिमणीनं विचारलं.

बाबांनी टेबलाखालचे हात वर काढले आणि सगळ्यांना दिसतील असे ठेवले. ते कापत होते, नेहमीसारखे. "माझं ठरलेलंच होतं," ते म्हणाले. "मी नुसता भाव खात होतो."

आई आधी हसल्या. मग धाकटा, मग चिमणी, आणि हसणं अनावर होऊन बाबांना ठसका लागला. कुणाचीच तशी अपेक्षा नसताना घरानं एकमतानं निर्णय घेतला होता. जवळजवळ एकमतानं.

थोरली हसत नव्हती. तिनं सुळा उचलून तळहातावर घेतला होता.

"का हो?" तिनं विचारलं.

"चुकून," थोरला म्हणाला.

"रंगवलेला पडला ते चुकून. सुळा चुकून नाही."

 धाकट्यानं चिमणीला उठायची खूण केली, चिमणीनं ती बघितली आणि आणखी घट्ट बसली.

"भीती वाटली," थोरला म्हणाला.

"पैशांची?"

"हो."

"पैशांची भीती या टेबलाशी सगळ्यांना आहे. यांनी तरी दाढा टाकल्या. खरं सांगा."

थोरल्यानं पेल्यातलं पाणी पिण्यासाठी पेला उचलला. तो रिकामा होता. "तू जाशील," तो म्हणाला, "शिकशील, तिथली माणसं भेटतील, हुशार. आणि मग दुपारी या खोलीत यायचं... प्लास्टर, मेण, मी. तुला परत यावंसंच नाही वाटलं तर?"

ही भीती अशी सगळ्यांच्या देखत, तीही चिमणीच्या देखत, बाहेर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचे कान तापले. आईंनी उगीचच पदर सारखा केला.

 थोरली विचार करत होती हे दिसत होतं, आणि ते थोरल्याला सर्वांत कठीण गेलं.

"वाटेलच, असं मी कसं सांगू?" ती शेवटी म्हणाली. "अजून गेले पण नाही. पण दुपारी भूक तर लागेलच ना. जेवायला येईन, मग बघू."

"मग दुपारचं जेवण आता मीच करतो," थोरला घाईघाईनं म्हणाला.

"नको, बाबा!" चिमणी किंचाळली. "मग ती नाहीच यायची!"

आता मात्र थोरली हसली. हसता हसता तिनं सुळा पुन्हा टेबलावर, बरोबर नवऱ्यासमोर ठेवला.

"जेवण राहू द्या. नियम काय आहे?"

सगळ्यांना एकाच क्षणी आठवलं. बाबांच्या चेहऱ्यावर जुना आनंद पसरला, तीस वर्षं जपून ठेवलेला.

"हरलेल्यानं काम उचलायचं," ते म्हणाले.

"पण मला दात बसवता येत नाहीत!"

"मला तरी कुठे भट्टी येत होती? पहिल्या दिवशी भुवया जाळून घेतल्या. सकाळी तू तिच्या खुर्चीत. मी शेजारी बसून सांगेन. हात कापतात, तोंड चालतंय अजून."

"ते चालतंयच," आई म्हणाल्या. "आणि प्लास्टर ओतीन मी. बघूया मनगट काय म्हणतं ते. तू," त्या धाकट्याला म्हणाल्या, "गाडीचं पुढच्या वर्षी."

"आणि लग्नाचं?" चिमणीनं विचारलं.

"ते यंदा," आई म्हणाल्या आणि उठून त्यांनी स्वतः ताटं गोळा केली.

वर्ग सुरू व्हायला महिना होता. तो महिना थोरल्याचा मेणात गेला. दात सरळ बसवायचे नसतात, जरासे वाकडे बसवायचे असतात, खऱ्या माणसाचे असतात तसे, हे त्याला कळत होतं. पण त्याचे सरळही बसत नव्हते आणि हवे तेवढे वाकडेही. "हा माणूस हसतोय की कुणाला चावायला धावतोय?" बाबा त्याच्या पहिल्या कवळीकडे बघून म्हणाले. थोरली रोज संध्याकाळी त्याचं मेण वितळवून पुन्हा देई. पैसे जेमतेमच पुरत होते. घरात सगळे दिवे एकदम लागत नव्हते, आणि चिमणीनं खरोखरच केस घरी कापले. ते बघून आईंनी त्या खर्चाला ताबडतोब मंजुरी दिली.

आणि एका सोमवारी थोरली निघाली. तिचे जुने बूट चकचकीत केलेले होते. पिशवी चिमणीची, अखेर दिलेली. ती कुणाला कुठलं काम कुठे ठेवलंय ते सांगत जिना उतरली, पुन्हा वर आली, मेणाची सुरी उजव्या खणात असल्याचं सांगून गेली, आणि मग खरंच गेली.

थोरला तिच्या खुर्चीत बसला. आतापर्यंत महिनाभर तो तिच्यासमोर, आपल्याच जागी बसून शिकला होता. ही जागा ती हक्कानं अडवून बसलेली असे. खुर्ची जरा ठेंगणी होती. त्यानं दिवा जवळ ओढला, जबडा समोर घेतला, मेण तापवलं. दात हातात धरून त्यानं मान वर केली.

समोर त्याची स्वतःची रिकामी खुर्ची होती आणि तिच्या वर खिडकी. खिडकीत, थेट, झाडांच्या मधल्या फटीत, रस्त्यापलीकडचा बसथांबा.

तिथे बरीच पोरंपोरी उभी होती. पाठीवर पिशव्या, हातात वह्या, कुणी उभ्या उभ्या पाव खात होतं, दोघी एकाच पुस्तकात डोकी घालून घोकत होत्या. कॉलेजची बस रोज याच वेळी येत असणार. खिडकीमागून येणारा गलबला त्यानं इतकी वर्षं ऐकला होता, खिडकीकडे पाठ करून. त्याला तो रस्त्याचा आवाज वाटायचा.

"मेण थिजतंय," शेजारून बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही याच खुर्चीत बसायचात ना? तुम्हाला हा थांबा दिसायचा?"

"माझ्या वेळी नव्हता तो. ती बसायला लागली त्याच वर्षी झाला." बाबांनी त्याच्याकडे, मग खिडकीकडे पाहिलं.

त्या पोरांच्या मागे थोरली उभी होती. पिशवी तिनं पाठीवर न घेता पोटाशी धरली होती. बस आली तशी गर्दी पुढे सरकली, एका मुलीनं तिला वाट करून दिली, बहुतेक शिक्षिका समजून, आणि थोरलीनं मान हलवून त्या मुलीलाच पुढे घातलं. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली. वर बघायची, खिडकी शोधायची तिला गरज पडली नाही. तिनं हात उंच केला आणि बरोबर त्या झाडांच्या फटीत, त्या ठेंगण्या खुर्चीतून दिसेल तिथेच, हलवला.

थोरल्यानंही हात हलवला. चिमटीत धरलेला सुळा तसाच होता.

"खाली ठेव तो," बाबा म्हणाले, "आणि मेण पुन्हा तापव."